पडायला किती वेळ लागतो?

मुलांनो, मागच्या वेळी आपण पतंग हवेत कसा टिकतो ते पाहिलं. आज त्याच हवेची आणखी एक गंमत. पण आधी एक तोंडी गणित. वही-पेन्सिल नको, बोटंही मोजायची नाहीत.

एक माणूस ३१ किलोमीटर उंचीवरून उडी मारतो. दुसरा ३९ किलोमीटर उंचीवरून. तिसरा फक्त ११ किलोमीटर उंचीवरून. तिघांकडेही पॅराशूट आहे, पण ते लगेच उघडायचं नाही. बरंच खाली आल्यावर मगच उघडायचं. तर उडी मारल्यापासून मोठं पॅराशूट उघडेपर्यंत सगळ्यात जास्त वेळ कोणाला लागला?

"३९ वाल्याला!" आमच्या चौथीच्या वर्गाने एका सुरात सांगितलं. तुम्हीही मनात हेच म्हणालात ना? साहजिक आहे. जितकं उंच चढावं तितका उतरायला वेळ जास्त. गड उतरताना तसंच होतं.

आता खरं उत्तर ऐका. ३९ किलोमीटरवाल्याला लागली ४ मिनिटं २० सेकंद. ३१ किलोमीटरवाल्याला ४ मिनिटं ३६ सेकंद. आणि ११ किलोमीटरवाल्याला चक्क ९ मिनिटं ६ सेकंद!

नाही नाही, छापण्यात चूक झालेली नाही. हे तिन्ही आकडे खऱ्या माणसांचे आहेत. सगळ्यात कमी उंचीवरून निघालेला माणूस सगळ्यात जास्त वेळ वर राहिला. कसा काय? चला, एकेकाला भेटू या.

आधी एक सोपा प्रयोग

वहीचे दोन सारखे कागद घ्या. एक तसाच सपाट ठेवा. दुसऱ्याचा दाबून दाबून घट्ट बोळा करा. दोन्ही हात खांद्याइतके वर धरून दोन्ही एकदम सोडा. बोळा टपकन खाली, आणि सपाट कागद मात्र झोके घेत, रमतगमत येतो. वजन दोघांचं सारखंच. मग फरक कशामुळे? हवेमुळे. सपाट कागदाला खाली येताना पुष्कळ हवा बाजूला सारावी लागते. बोळ्याला थोडीच.

हवा काढून टाकली तर? १९७१ साली अपोलो-१५ मोहिमेतले अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून पक्ष्याचं पीस सोडलं. चंद्रावर हवा नाही. हातोडा आणि पीस दोन्ही एकदमच खाली पोचले!

म्हणजे पडणाऱ्या वस्तूला पृथ्वी खाली ओढते आणि हवा तिला अडवते. दोघींची ही रस्सीखेच. पृथ्वीची ओढ दर सेकंदाला वेग वाढवत नेते. पण वेग वाढला की हवेचा अडथळाही वाढतो. शेवटी एक क्षण असा येतो की ओढ आणि अडथळा बरोबरीला येतात. मग वेग वाढायचा थांबतो. याला म्हणतात अंतिम वेग. विमानातून उडी मारून पोटावर आडवा पडणारा माणूस दहा-बारा सेकंदांत साधारण ताशी २०० किलोमीटरपर्यंत पोचतो आणि मग तेवढ्याच वेगाने पडत राहतो. साधारण ४ किलोमीटरवरून उडी मारणाऱ्या हौशी माणसाला असा जेमतेम एक मिनिट मिळतो. मग पॅराशूट उघडावंच लागतं.

एका मिनिटाचे चार कसे होतात आणि नऊ कसे होतात, हीच आजची गोष्ट.

३१ किलोमीटर: कॅप्टन किटिंजर

साल १९६०, तारीख १६ ऑगस्ट. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या वाळवंटावर एक अजस्र हेलियमचा फुगा वर वर चालला होता. त्याखाली टांगलेल्या उघड्या पाळण्यात अमेरिकी हवाई दलाचे कॅप्टन जोसेफ किटिंजर बसले होते. अंगात हवा भरलेला प्रेशर सूट. फुगा ३१,३३३ मीटरवर पोचला. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच आहे. अशी एकोणीस कळसूबाई एकावर एक रचली तर तेवढी उंची होईल! तिथे आपल्याकडच्या हवेचा जेमतेम शंभरावा हिस्सा उरलेला असतो.

हा सगळा खटाटोप विक्रमासाठी नव्हता बरं का. तेव्हा जेट विमानं फार उंचावरून उडू लागली होती. तिथे बिघाड झाला तर वैमानिकाने बाहेर उडी मारायची, हे ठरलेलं. पण विरळ हवेत पडणारा माणूस भोवऱ्यासारखा गरगर फिरू लागतो. माणसाएवढे पुतळे टाकून पाहिले तर ते मिनिटाला २०० फेऱ्यांपर्यंत फिरले. एवढ्या गतीने फिरणारा माणूस जिवंत कसा राहील? मग बरोबर लगेच मोठं पॅराशूट उघडलं तर? तेही नाही जमत. एवढ्या उंचीवर लोंबकळत राहिलं तर थंडीने आणि प्राणवायू संपून जीव जाईल. म्हणून फ्रान्सिस बोप्रे नावाच्या तंत्रज्ञाने युक्ती काढली. आधी एक छोटी छत्री उघडायची. ती माणसाला सरळ ठेवील, पण फार रेंगाळू देणार नाही. मोठं पॅराशूट खाली दाट हवेत आल्यावरच उघडायचं.

ही युक्ती चालते की नाही, हे कोणीतरी स्वतः उडी मारून पाहायला हवं होतं. किटिंजर तयार झाले.

पहिली उडी १९५९ च्या नोव्हेंबरमध्ये, साधारण २३ किलोमीटरवरून. छोटी छत्री वेळेआधीच उघडली आणि तिची दोरी किटिंजर यांच्या मानेभोवती गुंडाळली गेली. ते गरगरू लागले, बेशुद्ध पडले. आपोआप उघडणाऱ्या पॅराशूटने त्यांना वाचवलं. दुसरा कोणी असता तर पुन्हा त्या वाटेला गेला नसता. ते मात्र महिन्याच्या आत पुन्हा वर गेले. दुसरी उडी नीट झाली. आणि मग ही तिसरी.

वर जाताना त्यांच्या लक्षात आलं की उजव्या हाताच्या मोज्यात हवा भरलीच नाही. बाहेर दाब नाही, मोज्यात दाब नाही. हात सुजू लागला, दुप्पट झाला, विलक्षण दुखू लागला. खाली सांगितलं असतं तर उड्डाण थांबवायचा हुकूम आला असता. म्हणून त्यांनी बराच वेळ कोणाला सांगितलंच नाही! मग वर पोचल्यावर त्यांनी पाळण्याबाहेर पाऊल टाकलं.

पहिल्या काही सेकंदांनंतर छोटी छत्री उघडली. या वेळी बरोबर उघडली. ताशी ९८८ किलोमीटर वेगापर्यंत पोचून, ४ मिनिटं ३६ सेकंद पडून, साधारण साडेपाच किलोमीटरवर आल्यावर मोठं पॅराशूट उघडलं. जमिनीवर उतरल्यावर काही तासांनी हातही पूर्ववत झाला.

एक छोटीशी चीर

किटिंजर यांचा हात वाचला, पण म्हणून हातमोज्याची गोष्ट लपवणं बरोबर होतं का? याचं उत्तर मी देत नाही. त्याऐवजी दुसरी एक गोष्ट सांगते.

१ नोव्हेंबर १९६२. तेव्हाच्या सोव्हिएत संघात एकाच फुग्यातून दोघेजण वर गेले. येवगेनी आंद्रेयेव आणि प्योत्र दोल्गोव. आंद्रेयेव यांनी साधारण साडेपंचवीस किलोमीटरवरून उडी मारली. त्यांच्याकडे छोटी छत्री नव्हती. तसेच पडत पडत ते साडेचोवीस किलोमीटर खाली आले आणि मग पॅराशूट उघडून सुखरूप उतरले. छोट्या छत्रीशिवाय सर्वांत लांब पडण्याचा त्यांचा हा विक्रम पुढे पन्नास वर्षं टिकला.

दोल्गोव त्यांच्यानंतर निघाले. त्यांना लगेच पॅराशूट उघडून सावकाश यायचं होतं. बाहेर पडताना त्यांच्या शिरस्त्राणाची काच पाळण्यावर आपटली. छोटीशी चीर पडली. त्या चिरेतून सूटमधली हवा निघून गेली. पॅराशूट अगदी व्यवस्थित उघडलं होतं, पण दोल्गोव जमिनीवर पोचले तेव्हा त्यांच्यात प्राण नव्हता.

एकाच्या मोज्यात हवा भरली नाही, तो वाचला. दुसऱ्याच्या काचेला चीर पडली, तो गेला. आता पुन्हा विचार करा. घरी आईबाबांशीही बोला. आपल्याला काही दुखतंय, काही बिघडलंय, हे आपल्या माणसांना कधी सांगायचं?

मुलींनो, तुम्ही विचाराल, "बाई, यात बायका कोणीच नाहीत का?" आहेत तर! १९७७ साली सोव्हिएत संघाच्याच एलविरा फोमिचेवा यांनी ओडेसा शहराजवळ पॅराशूट न उघडता १४,८०० मीटर पडून महिलांचा विक्रम केला.

३९ किलोमीटर: फेलिक्स बाउमगार्टनर

आता पन्नास वर्षं पुढे या. १४ ऑक्टोबर २०१२. पुन्हा न्यू मेक्सिको, गाव रॉसवेल. या वेळी ऑस्ट्रियाचे फेलिक्स बाउमगार्टनर बंद कुपीत बसून वर गेले. ३८,९६९ मीटर! जवळजवळ चोवीस कळसूबाई. जगभर लोक टीव्हीसमोर बसले होते.

कुपीत त्यांच्या कानात एक आवाज येत होता. यादीतली एकेक गोष्ट तो आवाज वाचून दाखवत होता आणि बाउमगार्टनर ती करत होते. आवाज कोणाचा होता, ओळखा पाहू! ८४ वर्षांच्या जोसेफ किटिंजर यांचा. आपला विक्रम मोडायला निघालेल्या माणसाला ते स्वतः वाट दाखवत होते.

बाउमगार्टनर यांनी उडी मारली. त्यांच्याकडे छोटी छत्री होती, पण ती अगदीच गरज पडली तर वापरायची होती. वर हवा जवळजवळ नाहीच. रस्सीखेचीत पृथ्वी एकटीच ओढतेय, पलीकडे कोणी नाही! त्यामुळे एका मिनिटाच्या आत त्यांचा वेग ताशी १,३५७ किलोमीटर झाला. आवाजापेक्षाही जास्त! यंत्राविना, नुसतं पडून आवाजाचा वेग ओलांडणारे ते पहिले माणूस. मध्ये ते गरगर फिरू लागले. बघणाऱ्यांच्या छातीत धस्स झालं. पण त्यांनी हातपाय सांभाळून तोल सावरला.

आणि मग एक अजब गोष्ट घडली. ते अजून पडतच होते, तरी त्यांचा वेग कमी होऊ लागला. का? तुम्ही काठावरून धावत ओढ्यात शिरता तेव्हा काय होतं आठवा. पाणी घोट्यापर्यंत असतं तोवर पळता येतं. गुडघ्याला लागलं की पाय जड होतात. कमरेला लागलं की पळणं संपलं. तसंच हे. वरची विरळ हवा म्हणजे घोट्याएवढं पाणी, खालची दाट हवा म्हणजे कमरेएवढं.

आता आपलं गणित सुटायला लागलं बघा. बाउमगार्टनर यांनी जी आठ किलोमीटर जास्तीची उंची मिळवली होती, ती होती विरळ हवेची. तिथे वेळ मिळत नाही, वेग मिळतो. त्यांनी छोटी छत्रीही उघडली नाही. म्हणून ते ३६ किलोमीटर पडले, पण ४ मिनिटं २० सेकंदांतच. किटिंजर जेमतेम २६ किलोमीटर पडले, पण छत्री त्यांना मागून धरून होती, म्हणून त्यांना १६ सेकंद जास्त लागली.

थोडं मोठं गणित येणाऱ्या दादा-ताईंसाठी: हवा मुळीच नसती तर ते ३६ किलोमीटर पडायला किती वेळ लागला असता? अंतराची दुप्पट, भागिले ९.८, आणि त्याचं वर्गमूळ. अंतर मीटरमध्ये घ्यायला विसरू नका. उत्तर येतं सुमारे ८६ सेकंद. दीड मिनिटसुद्धा नाही! बाकीची जवळजवळ तीन मिनिटं बाउमगार्टनर यांना हवेने दिली.

दोनच वर्षांनी, २४ ऑक्टोबर २०१४ रोजी, अमेरिकेच्या अ‍ॅलन युस्टेस यांनी त्याच रॉसवेलमधून आणखी उंच जाऊन ४१ किलोमीटर ४०० मीटरवरून उडी घेतली. त्यांना तर कुपीही नव्हती. सूट घालून ते थेट फुग्याला लटकून वर गेले. त्यांच्याकडे छोटी छत्री होती, पण तोल सांभाळण्यापुरती. वेळ लागला ४ मिनिटं २७ सेकंद. सगळ्यांत उंच, तरी किटिंजर यांच्या वेळेपेक्षा कमीच!

मग "सगळ्यांत जास्त वेळ पडण्याचा विक्रम कोणाचा?" असं कोणी विचारलं तर एका शब्दात उत्तर देऊ नका. उलट विचारा, "छोटी छत्री धरून की छत्रीशिवाय?" विक्रमाचा नुसता आकडा पाठ करून उपयोग नाही. तो कुठल्या अटीवर झाला, तेही सांगायला हवं. धावण्याच्या शर्यतीत पाठीवर वारा किती होता हे मोजतात, तसंच हे.

११ किलोमीटर: पंख शिवलेला माणूस

आता उरला तिसरा माणूस, नऊ मिनिटांवाला. त्याच्यासाठी आधी एका प्राण्याची ओळख करून देते. सह्याद्रीच्या दाट जंगलात उडती खार असते. ती खरं तर उडत नाही. तिच्या पुढच्या आणि मागच्या पायांच्या मध्ये कातडीचा पडदा असतो. उंच झाडावरून झेप घेतली की ती पाय पसरते, पडदा ताणला जातो, आणि ती तरंगत तरंगत दूरच्या झाडावर जाऊन चिकटते. खाली येते, पण त्याहून जास्त पुढे जाते.

माणसाला हे जमावं म्हणून किती जणांनी जीव गमावला! १९१२ च्या फेब्रुवारीत फ्रान्झ रायशेल्ट नावाचा शिंपी स्वतः शिवलेला पॅराशूटचा अंगरखा घालून पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याच्या पहिल्या मजल्यावरून उतरायला गेला. पुतळ्यावर प्रयोग करीन असं सांगून त्याने परवानगी मिळवली होती. ऐनवेळी स्वतःच उडी मारली. अंगरखा उघडलाच नाही. तो जागीच गेला. १९३७ साली अमेरिकेचा क्लेम सोन कापडी पंख लावून उडी मारायचा, तो फ्रान्समध्ये पॅराशूट न उघडल्याने गेला. १९५६ साली लाकडी पंखांवाला फ्रेंच उडीबहाद्दर लिओ व्हॅलेंटिन इंग्लंडमध्ये गेला.

गाडं पुढे सरकलं ते १९९० नंतरच्या दशकात. फ्रान्सच्या पात्रिक द गायार्दों यांनी नवा पोशाख बनवला. हात आणि अंग यांच्यामध्ये कापड, दोन पायांमध्ये कापड. आणि युक्ती अशी की कापड दुपदरी. समोरच्या छोट्या तोंडांतून वारा आत शिरला की उशीच्या अभ्र्यासारखं ते टम्म फुगतं आणि पंखासारखं ताठ होतं. लाकूड नको, लोखंड नको, हवाच हवेवर टेकून उभी! यालाच विंगसूट म्हणतात. १९९८ साली हवाई बेटांवर उडी मारताना गायार्दोंही गेले. पण १९९९ मध्ये फिनलंडचे यारी कुओस्मा आणि क्रोएशियाचे रॉबर्ट पेचनिक यांनी असे सूट विकायला सुरुवात केली आणि ते जगभर पोचले.

कापड कसं शिवलंय याला इथे फार महत्त्व असतं. सैल कापड वाऱ्यात नुसतं फडफडतं. आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये साधारण १३,००० फुटांवरून चक्क नऊवारी साडी नेसून उडी मारली. साडी जागच्या जागी राहावी म्हणून त्यांना केवढी तयारी करावी लागली असेल, विचार करा!

तर २० एप्रिल २०१२. दक्षिण अमेरिकेतला कोलंबिया देश. ला ग्वाहिरा या भागावर एक विमान ३७,२६५ फुटांवर, म्हणजे ११ किलोमीटरहून थोडं वर पोचलं. हे एव्हरेस्टपेक्षाही अडीच किलोमीटर उंच! तोंडाला प्राणवायूचा मुखवटा लावून कोलंबियाच्याच जोनाथन फ्लोरेझ यांनी विमानाबाहेर झेप घेतली आणि हातपाय पसरले.

साध्या कपड्यातला माणूस तेवढ्या उंचीवरून अडीच-तीन मिनिटांत खाली आला असता. फ्लोरेझ यांनी ९ मिनिटं ६ सेकंद घेतली. गिनेस बुकात या विक्रमाची नोंद झाली. हिशेब करून पाहा. ते सेकंदाला साधारण वीसच मीटर खाली येत होते. मग बाकीचा वेग गेला कुठे? पुढे! त्याच मोहिमेत ते जमिनीला समांतर असे २६ किलोमीटर पुढे गेले. म्हणजे एक मीटर खाली, तर अडीच मीटर पुढे. पृथ्वीने दिलेली ओढ त्यांनी पुढे जाण्यासाठी वापरली, अगदी उडत्या खारीसारखी. आपला सपाट कागद आणि बोळा आठवा. फ्लोरेझ यांनी स्वतःचा सपाट कागद करून घेतला होता.

त्यानंतरच्या काळात इतरांनी त्यांचा हाही आकडा मागे टाकला. पण इथेही ती अट आठवा. हा पंखांनी तरंगण्याचा विक्रम. तो किटिंजर यांच्या आकड्याशेजारी ठेवून कोण मोठा ते ठरवता येत नाही. ही दोन वेगळी गणितं आहेत.

आता थोडं गंभीर

मुलांनो, फ्लोरेझ आज आपल्यात नाहीत. २०१५ साली स्वित्झर्लंडच्या डोंगरात, एका शर्यतीच्या सरावात विंगसूट उडी घेताना त्यांचा मृत्यू झाला. बाउमगार्टनर ३९ किलोमीटरवरून सुखरूप उतरले, पण २०२५ च्या जुलैमध्ये इटलीत पॅराग्लायडिंगच्या अपघातात गेले. किटिंजर मात्र २०२२ साली, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन गेले.

मी हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण विक्रमांच्या यादीत फक्त मिनिटं आणि सेकंद छापतात, हे छापत नाहीत, म्हणून सांगितलं. ही सगळी माणसं धाडसी होती, तशीच तयारीचीही होती. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेचा नियम आहे की साध्या पॅराशूटच्या किमान २०० उड्या झाल्याशिवाय विंगसूट अंगाला लावायचाच नाही. दोनशे! आणि विंगसूट कितीही चांगला असला तरी उतरायला शेवटी पॅराशूट लागतंच. २०१२ च्या मे महिन्यात इंग्लंडच्या गॅरी कॉनरी यांनी पॅराशूट न उघडता विंगसूटने उतरून दाखवलं खरं, पण त्यासाठी जमिनीवर पुठ्ठ्याची १८,६०० खोकी रचून ठेवावी लागली होती.

टीव्हीवर किंवा मोबाइलवर असे व्हिडिओ पाहून कोणी गळ्यात चादर बांधून माळ्यावरून उडी मारतो, कोणी छत्री उघडून भिंतीवरून. आता तुम्हीच सांगा, हे का जमणार नाही? हवेला माणसाचा भार पेलायला आधी पुरेसा वेग लागतो आणि वेग यायला उंची लागते. माळ्यावरून उडी मारलीत तर हवेला मदतीला धावून यायला वेळच मिळत नाही. तोवर फरशी येते आणि हाडही मोडतं. आईबाबांनो, "उडी मारू नकोस" एवढंच सांगून थांबू नका. हे कारणही मुलांना सांगा. कारण कळलं की मुलं ऐकतात, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

उडी आपण नाही मारायची. आपला खडू मारेल! एक जुना रुमाल घ्या. चार कोपऱ्यांना सारख्या लांबीचे चार दोरे बांधा. चारही टोकं एकत्र करून खडूला घट्ट बांधा. घरातलं मोठं माणूस शेजारी असताना जिन्याच्या वरच्या पायरीवरून ते सोडा. कठड्यावर किंवा गच्चीच्या भिंतीवर चढायचं नाही. खाली उभ्या असलेल्या मित्राने घड्याळात सेकंद मोजायचे.

मग तीन गोष्टी करून पाहा. एक, रुमालाची घडी घालून तो अर्धा करा. दोन, एकाऐवजी दोन खडू बांधा. तीन, रुमालाच्या अगदी मध्यभागी छोटं भोक पाडा. (आईला विचारून हं!) प्रत्येक वेळी तीन-तीनदा सोडा आणि सरासरी काढा. आकड्यांशेजारी अटही लिहा: रुमाल केवढा, खडू किती, जिना किती उंच.

भोक पाडल्यावर रुमाल लवकर पडायला हवा ना? वेळ फारसा बदलला का? आणि डोलणं कमी झालं का? जे दिसेल ते वहीत लिहा, जे वाटलं होतं ते नको. कारण काय असेल ते मला पत्रातून कळवा. पुढच्या आठवड्यात आपण त्याच भोकावर बोलू.

तुमच्या,
बाई